गाठीची धर

गाडी एकच होती, पण गल्लीत अशी उभी केली होती की नाक थोरल्या भावाच्या दुकानासमोर आणि शेपूट धाकट्याच्या. मास्तरीणबाईंचं तीस वर्षांचं कसब त्यात खर्ची पडलं होतं. गाडी वीतभर पुढे गेली असती तर गादीवाला म्हणाला असता, "बघा, ताईचा ओढा कायम दादाकडे." वीतभर मागे राहिली असती तर दिवेवाला काहीच म्हणाला नसता, आणि दिवेवाल्याचं काहीच न म्हणणं गादीवाल्याच्या बोलण्यापेक्षा महाग पडायचं.

एकोणीस वर्षांपूर्वी एका दुकानाची दोन झाली तेव्हा मधे प्लायवूडची भिंत आली. सुतार इतका काटेकोर, की छताचा पंखाही त्याने वाटून दिला. पंखा काढायला कुणी तयार होईना, म्हणून भिंतीच्या डोक्यावर त्याच्यापुरती फट ठेवली. बटण थोरल्याकडे गेलं, वेग कमीजास्त करायची कळ धाकट्याकडे. त्यामुळे एकाला वारा हवा असेल तर तो दुसऱ्यालाही घ्यावाच लागे. तीन पात्यांपैकी एकच आपल्या वाट्याला आलं, ही दोघांचीही तक्रार होती.

भिंतीच्या एका बाजूला थोरल्याचे दिवे, हॉर्न आणि वायरिंग, दुसऱ्या बाजूला धाकट्याच्या गाड्यांच्या गाद्या, सीट कव्हरं, पायपुसणी. दिवेवाला आणि गादीवाला ही नावं गल्लीनेच पाडली. बोलणं बंद होतं. निरोप जायचे ते मधल्या बहिणीमार्फत, आणि ती मोटार चालवायला शिकवायची, म्हणून ती मास्तरीण.

"ताई, दादाला सांग, गाडीच्या नाकाशी ठोकाठोक करू नकोस म्हणावं. माझं कार्पेट हलतंय," गादीवाला मागच्या दारातून ओरडला. दिवेवाला चार हातांवर बॉनेटमध्ये वाकलेला होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, तो म्हणतो ठोकू नकोस."

"ऐकलं."

"त्याने ऐकलं रे."

"ते मीही ऐकलं!"

मास्तरीणबाई गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. हा पाय म्हणजे घरातला एक निराळाच प्राणी होता. स्टिअरिंग विद्यार्थ्याच्या हातात, पण दुसरा ब्रेक शेजारी बाईंच्या पायाखाली, अशी तीस वर्षं गेल्यावर तो कुठेही दाबला जायचा. सिनेमात गाडी कड्याकडे निघाली की दाबायचा. वहिनी कुणाचं लग्न मोडायच्या बेताचं काही बोलायला लागल्या की दाबायचा. त्यांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाखालच्या फरशीला त्या टाचेने खळगा पडला होता, आणि त्यात मांजर दूध प्यायचं.

त्यांची जुनी गाडी गेल्या महिन्यात निवर्तली होती. नवी घेतली ती सगळ्यांत स्वस्त, बेस मॉडेल. म्हणजे कंपनीने चार चाकं, एक छप्पर आणि शुभेच्छा एवढंच दिलेलं. काचा हाताने फिरवायच्या. मागे बघायला कॅमेरा नाही, पुढे ऐकायला रेडिओ नाही, रेडिओच्या जागी चौकोनी झाकण. ते चालणार होतं. पण सोमवारी सकाळी दहाला तपासनीस साहेब शाळेवर येणार होते, आणि त्यांना तीन गोष्टी बघायच्या होत्या: शिकवणाऱ्याच्या पायाशी जोडपेडल, तिच्या डोळ्यांसमोर दुसरा आरसा, आणि एक लाल दिवा. तो दिवा या वर्षीपासूनचा. शिकवणारीने ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागला पाहिजे आणि पिप्प वाजलं पाहिजे, म्हणजे गाडी कुणी थांबवली, शिष्याने की गुरूने, ते लपून राहायचं नाही.

पेडल वेल्डरने बसवून दिलं होतं. आरसा चिकटला होता. दिवा राहिला होता. दोन तारखा आधीच हुकल्या होत्या, तिसरी शेवटची. ती हुकली की शाळेचा परवाना बंद. आणि आता शाळा एकट्या मास्तरीणबाईंची राहिली नव्हती. गादीवाल्याची लेक, जिला घरात सगळे छोटी म्हणत, जरी ती बापापेक्षा वीतभर उंच होती, ती एका कचेरीतली टेबलखुर्चीची नोकरी सोडून आत्याच्या शाळेत शिकवायला आली होती. पाटीवर तिचं नावही रंगवून झालं होतं. रंग अजून ओला होता.

दिव्याला वायर हवी. वायर फ्यूजच्या डबीतून निघणार, म्हणजे दिवेवाल्याचं काम. ती कार्पेटखालून, सीटखालून जाणार, म्हणजे गादीवाल्याचं. दुसरीकडे विचारलं तर गुरुवारपर्यंत हात रिकामा नव्हता. म्हणून रविवारी सकाळी मास्तरीणबाईंनी गाडी आणून दोन शटरांच्या मधे लावली आणि म्हणाल्या, "मला संध्याकाळपर्यंत लाल दिवा हवाय. बाकी तुमचं तुम्ही बघा."

बाकीचं त्यांनी बघितलंच. दिवेवाल्याने न बोलता धुक्याचे दोन दिवे आणून ठेवले. हे दिवे लावले की धुकं आपणहून बाजूला होऊन वाट देतं, अशी त्याची गल्लीत ख्याती होती. ते पाहून गादीवाल्याने भिंतीपलीकडून नवी गादी काढली. "ताई, ही बसवू. या गादीवर एक गिऱ्हाईक बसल्या बसल्या झोपलं. घरच्यांनी चार दिवस शोधलं. शेवटी गाडी विकली तेव्हा नव्या मालकाला सापडलं."

"मला विद्यार्थी जागे हवेत."

"मग ही कडक घे."

"दिवा, धाकट्या. लाल. एक."

फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्चीत तात्या बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, हातात काठी, खिशात टेस्टर. दुकान त्यांनीच काढलेलं. आधी घरांची वायरिंग केली, मग गाड्यांची, आणि त्यांच्या हातची वायर तीस वर्षांनीही कुरकुरत नसे. एवढ्या गाड्या हाताखालून गेल्या, पण तात्यांनी स्टिअरिंग कधी धरलं नाही. कारण घरात सर्वांना पाठ होतं. तरुणपणी त्यांनी एकदाच एक लॉरी चालवली, ती इतक्या जोरात, की त्यांची सावली मागे राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धापा टाकत घरी आली. तेव्हा त्यांच्या आईने शपथ घातली. ही हकिकत तात्या स्वतः सांगत, आणि सावली कुठल्या वाटेने आली ते दर वेळी बदलत असे.

छोटीने डॅशबोर्डवर बोट ठेवलं. "तात्या, ही बघा. पाच बटणं आहेत, पण एकही दाबलं जात नाही."

"आंधळी बटणं ती. महागड्या गाडीत तिथे डोळे असतात. स्वस्त गाडीत नुसत्या पापण्या."

"मग जागा तरी का ठेवायची?"

"पाटावर माणूस नाही म्हणून पाट मांडायचाच नाही की काय?" तात्या म्हणाले. "काढ त्यातलं एक झाकण. आपला दिवा तिथेच बसेल. बाकीच्या चार जागा राहू देत. पुढे लागतील."

मास्तरीणबाईंना ते आवडलं. झाकण टक्कन निघालं आणि मागे छोटी चौकोनी काळोखी जागा दिसली, जणू कुणाच्या तरी नावाने राखून ठेवलेली.

वहिनी चहा घेऊन आल्या. दिवेवाल्याची बायको, पण पक्ष धाकट्या दिराचा. आणि छोटी धाकट्याची लेक, पण पक्ष काकांचा. या घरात पक्ष दोनच होते, सभासद मात्र उलटे भरती झालेले.

"भावोजी, साखर जास्त घातलीय तुमच्यात," वहिनी म्हणाल्या.

"माझ्यात?" दिवेवाल्याने बॉनेटखालून विचारलं.

"तुम्हाला गोड बोलायचंच नसतं, साखर कशाला हवी?"

"काकू," छोटी म्हणाली, "काकांनी सकाळपासून एकदाही आवाज चढवलेला नाही. बाबा तेवढे ओरडतायत."

"तुझे काका आवाज चढवत नाहीत गं, खाली उतरवतात. इतका खाली, की शोधायला जावं लागतं."

मास्तरीणबाईंचा पाय दाबला गेला. "वायर कुठवर आली?"

वायर आली होती. दिवेवाल्याने फ्यूजच्या डबीतून दोन काढल्या होत्या, एक वीज आणणारी, म्हणजे जिवंत, आणि एक गाडीच्या पत्र्याला कसायची, म्हणजे अर्थची, आणि इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भोकातून आत सरकवल्या होत्या. दोन्ही काळ्या. या घराण्यात रंगीत वायर वापरणं कमीपणाचं होतं. तात्यांचं वचनच होतं: रंग बघून वायर ओळखतो तो रंगारी, वायरमन नव्हे. या घरात वायर गाठीने ओळखायची. दोन काळ्या वायरी, एकीच्या टोकाला छोटी गाठ, बस्स. आणि शिकवताना तात्यांचं वाक्य दोनच शब्दांचं: "गाठीची धर."

गादीवाल्याने सीट काढली होती, कार्पेट उचललं होतं. तो खाली आडवा झाला, चाचपत त्या दोन वायरी पकडल्या आणि त्याच्या अंगावर, बाहेर ऊन असताना, काटा आला. मास्तरीणबाईंना तो दिसला. त्यांनाही आला.

एकोणीस वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तात्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. गल्लीतल्या डॉक्टरांची गाडी दारात. पहिल्यांदाच दोघा भावांनी तात्यांशिवाय एक काम धरलं: पुढून थोरला, मागून धाकटा, वायर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. चावी फिरली आणि मागच्या सीटमधून धूर निघाला. गल्लीने बादल्या ओतल्या. सीट जळाली, मागचे दिवे जळाले, आणि डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्या घरातल्या सगळ्यांना तपासलंय, पण अक्कल तपासायची राहिली." मग दोघांचं सुरू झालं, "तुझी गाठ" आणि "तुझी चूक", आणि मास्तरीणबाई मधे पडल्या. दोघांच्या छातीवर एकेक हात ठेवून त्यांनी दोघांना लांब केलं. बस्स, एक शब्द बोलू नका. ते दोघं शहाण्या भावांसारखे बहिणीचं ऐकून गप्प झाले, आणि मग एकोणीस वर्षं गप्पच राहिले.

जळालेली सीट गादीवाल्याच्या दुकानात भिंतीला टांगलेली होती. जळालेल्या वायरीचा तुकडा दिवेवाल्याने काचेच्या बरणीत ठेवला होता. दोघांचाही तो पुरावा होता.

"जोडली," गादीवाला खालून म्हणाला. "अर्थ बॉडीला पक्का कसलाय. ताई, दादाला सांग, बॅटरी लाव म्हणावं."

"लावली," बॉनेटखालून आवाज आला.

छोटी चावीला हात घालणार तोच तात्या खुर्चीतून म्हणाले, "थांब. आधी माझी खुर्ची मागे घ्या." सगळे हसले, पण वहिनींनी खुर्ची मागे घेतली. आणि पाण्याची बादली पुढे.

चावी फिरली.

फट्.

धूर नाही, आग नाही. नवी गाडी होती, फ्यूज शहाणा होता, तो एकटाच मेला. पण आवाज तोच होता, अगदी त्या दिवशीच्या आवाजाचा धाकटा भाऊ.

दिवेवाल्याने बॉनेट खाली आपटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज वर आला. "पुन्हा! पुन्हा तेच! अरे, गाठीची वायर डोळे मिटूनही कळते!"

गादीवाला गाडीतून सरपटत बाहेर आला, केसांत कार्पेटचे धागे. "मला कळत नाही? मला? तूच उलटी दिली असशील!"

"चाळीस वर्षं वायर ओढतोय मी!"

"ओढतोच आहेस! आमची ओढाताण कधी थांबणार?"

वहिनी म्हणाल्या, "आता बादली कुणावर ओतू?" छोटी कधी काकांकडे बघत होती, कधी बापाकडे, आणि पाटीवरचा ओला रंग तिच्या तोंडावर आल्यासारखी ती लाल झाली होती. उद्या दहा. मास्तरीणबाई गाडीतून उतरल्या. दोन पावलं टाकली. दोन्ही हात वर आले, एक या छातीसाठी, एक त्या छातीसाठी. उजवी टाच दाबायला उचलली गेली.

आणि गुडघ्यातून कळ आली. क्लच दाबून झिजलेला डावा गुडघा ऐन वेळी म्हणाला, आता नाही. बाई बॉनेटला धरून उभ्या राहिल्या. ब्रेक दाबायला पायच नव्हता.

त्यामुळे वाक्यं पुरी झाली. एकोणीस वर्षं अर्धवट राहिलेली वाक्यं.

"मी गाठीचीच दिली!" दिवेवाला ओरडला.

"मी गाठीचीच धरली!" गादीवाला ओरडला.

"गाठीची जिवंत!"

"गाठीची अर्थ!"



मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा. एकेक करून."

"गाठीची म्हणजे जिवंत," दिवेवाला म्हणाला. "तात्यांनी सांगितलंय. गाठीची धर. म्हणजे हीच खरी, असं धरून चालायचं. हिच्यावरून पुढचा हिशेब."

"गाठीची धर म्हणजे हातात धर!" गादीवाला म्हणाला. "जी हातात धरता येते ती. न चावणारी. अर्थची! तात्यांनी मला शिकवलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ते शिडीवर, मी खाली. गाठीची वायर माझ्या मुठीत दिली आणि म्हणाले, गाठीची धर, सोडू नकोस. लहान पोराच्या हातात कुणी जिवंत वायर देतं का?"

सगळ्यांची तोंडं फुटपाथकडे वळली.

तात्या काठीच्या मुठीकडे बघत होते. "मेन बंद करून दिली होती रे," ते म्हणाले. "पण वायर जिवंतचीच होती. दुसरीला लागू नये म्हणून तुझ्या हातात दिली. दुसरा विश्वासाचा माणूस कोण होता तिथे?"

गादीवाला आपल्या मुठीकडे बघू लागला, जणू ती वायर अजून तिथे होती.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या दुकानात मी अर्थला गाठ मारतोय?"

"दोन्ही टोकं तुझीच, म्हणून चाललं," दिवेवाला म्हणाला. हे तो थेट धाकट्याला म्हणाला. मधे कुणी नव्हतं. "माझ्या वायरीला तुझा हात लागला की जळणार."

"आणि डॉक्टरांची गाडी?"

दिवेवाला आत गेला आणि बरणी घेऊन आला. काळा, वितळलेला तुकडा, टोकाला गाठ, गाठीपुढे बॉडीला कसायचा नट. तो दर पावसाळ्यात बरणी पुसून ठेवायचा, आणि दर वेळी त्याला त्यात धाकट्याचा मूर्खपणा दिसायचा. आता त्याला आठ वर्षांच्या पोराची मूठ दिसली. "अर्थाचा अनर्थ," तो म्हणाला, आणि एवढा मोठा विनोद आपल्या तोंडून आला म्हणून स्वतःच दचकला.

वहिनी पदराने तोंड दाबून हसत होत्या. पण छोटीच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. गाडीच्या उघडलेल्या कव्हरातून कंपनीची वायरिंग दिसत होती, लाल, हिरवी, पिवळी, तपकिरी. "पण तात्या, मुळात गाठ कशाला? लाल वायर जिवंत, काळी अर्थ, असं जगभर चालतं. हे बघा, कंपनीनेसुद्धा केलंय. यातली लाल कुठली सांगा बरं."

तात्या वाकले. बघितलं. खिशातला टेस्टर काढला, परत ठेवला.

"गाठ कुठाय?" ते म्हणाले.

"नाहीये. ही कंपनीची आहे. रंगावरून सांगा."

"रंग बघून ओळखतो तो..." त्यांनी सुरुवात केली, पण वाक्य त्यांच्या जिभेवर पेटलंच नाही. मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. तीस वर्षं लोकांना सिग्नल शिकवलेली बाई. सावली मागे टाकणारी लॉरी, आईची शपथ, रंगारी आणि वायरमन, सगळ्या गोष्टी त्यांच्या मनात एकापाठोपाठ एक रांगेत उभ्या राहिल्या, आणि रांगेच्या टोकाला एक सिग्नल होता.

"तात्या," त्या म्हणाल्या, "तुम्हाला लाल दिसत नाही?"

"दिसतं की. लाल दिसतं, हिरवं दिसतं. दोन्ही सारखंच दिसतं." तात्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमची आई दुकानात शेजारी बसून लाल वायरीला गाठ मारून द्यायची. कुणाला सांगू नकोस म्हटलं तिला. वायरमनला रंग कळत नाहीत म्हटल्यावर काम कोण देईल? ती म्हणाली, सांगणार नाही, आणि सगळ्या वायरी काळ्याच आणू, म्हणजे कुणी विचारणारच नाही." त्यांनी दोघा मुलांकडे बघितलं. "माझ्या एका गाठीपायी तुमच्यात एवढी मोठी पडली. मला कळलं असतं तर..."

"तुम्हाला कसं कळणार?" गादीवाला म्हणाला. "आम्ही बोलत कुठे होतो?"

"मी बोलू दिलं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. हे त्यांनी कुणाला ऐकवायला म्हटलं नव्हतं, पण वहिनींनी ऐकलं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नणंदेच्या चहातही जास्तीची साखर पडली.

पाच वाजले होते. वायर बदलायची तर लाल हवी. लाल वायरीचा एक धूळ खाल्लेला बिंडा दिवेवाल्याच्या फळीवर होता, गिऱ्हाइकांच्या हट्टासाठी ठेवलेला. "घे तिथून," तो म्हणाला.

गादीवाला उंबऱ्याशी घुटमळला. मग आत गेला. बराच वेळ बाहेर येईना. मास्तरीणबाईंनी डोकावलं तर तो मान वर करून उभा. पंखा बंद होता.

"दादा, इकडूनही एकच पातं दिसतं की!"

"मग?"

"मला वाटायचं, तुझ्याकडे दोन आहेत."

"मला वाटायचं तुझ्याकडे."

"मग तिसरं?"

दिवेवाल्याने वर बघितलं. तिसरं पातं बरोबर भिंतीच्या डोक्यावर येऊन थांबलं होतं, ना अलीकडे, ना पलीकडे, आणि त्यावर एकोणीस वर्षांची धूळ होती.

लाल वायर दिवेवाल्याने ओढली, गादीवाल्याने घेतली. टोकाला गाठ मारायची का, यावर पुन्हा जरा वाजलं. शेवटी छोटीने निकाल दिला: वायर लाल आणि गाठही असू द्या, एक रंग डोळ्यांसाठी, एक गाठ तात्यांसाठी. सहाच्या आत नवा फ्यूज बसला. मास्तरीणबाईंनी पेडल दाबलं. आंधळ्या बटणाच्या जागी लाल दिवा लागला आणि पिप्प वाजलं.

"लागला?" तात्यांनी विचारलं.

"लागला."

"कुठला?"

"लाल, तात्या."

"असेल," तात्या म्हणाले. "पण लागलेला दिसतोय हे खरं."

सोमवारी दहाला तपासनीस साहेबांनी पेडल अकरा वेळा दाबून बघितलं, दिवा अकरा वेळा लागला. त्यांनी सीटखाली वाकून वायर बघितली आणि विचारलं, "ही गाठ कशाला?"

"घरची खूण आहे," छोटी म्हणाली. साहेबांनी शिक्का मारला. त्याची शाई पाटीवरच्या रंगाआधी वाळली.

सोमवारी गल्लीची दुकानं बंद असतात. रस्ता रिकामा, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एक मांजर तेवढं. गाडी शाळेतून परत आली तेव्हा तात्या फुटपाथवर चप्पल घालून उभे होते, केस विंचरलेले, शर्टाची वरची गुंडीही लावलेली.

"मास्तरीणबाई, नवीन विद्यार्थी घेता का?"

कुणी हसलं नाही, म्हणजे हसले सगळे, पण आवाज न करता. छोटी मागच्या सीटवर सरकली. तात्या स्टिअरिंगमागे बसले आणि ते दोन्ही हातांनी असं धरलं, जणू कुणाचा तरी चेहरा धरलाय. मास्तरीणबाई शेजारी. पायाखाली दुसरा ब्रेक. समोर दोन्ही भाऊ उलट्या पावली चालू लागले, एक डाव्या कडेने, एक उजव्या, विमान उतरवायला आल्यासारखे हात हलवत.

"क्लच हळू सोडा. आणखी हळू. हं."

गाडी हलली. माणूस चालेल त्याच्या निम्म्या वेगाने, पण हलली. वहिनी दारातून ओरडल्या, "तात्या, सावली सोबत आहे हं, मी बघतेय!"

"तिला म्हणावं, आज दमायचं काम नाही," तात्या म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी मोठ्या रस्त्याचा सिग्नल दिसू लागला. अजून बराच लांब, पण दिवा लागलेला कळत होता.

"दिवा दिसतोय," तात्या म्हणाले. "कुठला रे?"

"लाल!" दिवेवाला ओरडला. तो आपल्या गल्लीच्या खांबाकडे बघत होता.

"हिरवा!" गादीवाला ओरडला. तो मोठ्या रस्त्याच्या खांबाकडे बघत होता.

मास्तरीणबाईंची टाच उचलली गेली. तीस वर्षांची सवय, पाय आपसूक पेडलच्या वर. आणि तिथेच थांबला, हवेत, बोटभर अंतरावर.

तात्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अरे, दोघं मिळून एक काय ते धरा!"

भाऊ एकमेकांकडे वळले. हातवारे, बोटं, या खांबाकडे, त्या खांबाकडे, "आपल्याला हा लागू", "मग तो?", "तो त्यांचा", भर रस्त्यात, मधे कुणी नसताना, अगदी मनासारखं भांडण. आणि मग एकदम, एका सुरात:

"लाल! आपल्याला लाल, तात्या! थांबा!"

गाडी थांबली. एका हिसक्याने.

मास्तरीणबाई डॅशबोर्डकडे बघायला धजल्या नाहीत. मागून छोटीने मान पुढे काढली, आंधळ्या बटणांच्या रांगेत बघितलं, आणि आत्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या, दिवा लागलेला नाही. पिप्पही नाही."

"म्हणजे?" तात्यांनी विचारलं.

"म्हणजे गाडी तुम्ही थांबवलीत, तात्या."

तात्यांनी आपल्या पायाकडे बघितलं. मग लेकीच्या पायाकडे, जो अजून तसाच पेडलच्या वर तरंगत होता.

"मग तो खाली ठेव की आता," ते म्हणाले. "दमला असेल."